अंतर्गत दुवे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकाच संकेतस्थळाच्या एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी लिंक म्हणजे अंतर्गत दुवा. सर्च इंजिनमध्ये वर येण्यासाठी बाहेरच्या संकेतस्थळांवरून मिळालेल्या लिंकच काय त्या कामाच्या, असा समज फार पक्का आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या, पानांचे महत्त्व मोजणाऱ्या पेजरँकच्या सूत्रात मात्र हिशेब पानांचा आहे. प्रत्येक पानाचे वजन त्यावरून निघणाऱ्या लिंकांमध्ये वाटले जाते; लिंक घरची की बाहेरची, हा भेद मूळ सूत्रात नाही. गूगलची पद्धत पुढे पुष्कळ बदलली, तरी नवी पाने शोधण्यासाठी आणि त्यांचे महत्त्व जोखण्यासाठी लिंकांचा आधार आजही घेतला जातो. शिवाय बाहेरची लिंक दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते, अंतर्गत दुवा आपल्याच हातात असतो.

दुसरा समज असा, की मेनूत नाव घातले की काम झाले. तळेगाव दाभाडे एमआयडीसीत चाकणच्या वाहन कंपन्यांसाठी सुटे भाग बनवणारा एखादा लहान कारखाना घ्या. संकेतस्थळावर ‘आमच्याविषयी’, ‘उत्पादने’, ‘संपर्क’ एवढा मेनू असतो, आणि ज्या भागासाठी ग्राहक यायला हवा त्याचे पान ‘उत्पादने’मधल्या फोटोंच्या रांगेत कुठेतरी दडलेले असते. मेनू हवाच; पण पुढचे पान कशाबद्दल आहे हे मजकुरातली लिंक जास्त नेमकेपणाने सांगते. ‘येथे क्लिक करा’ या शब्दांतून गूगलला काहीच कळत नाही. ‘प्रेस केलेले शीट मेटल ब्रॅकेट’ या शब्दांवर लिंक दिली, तर गूगलला आणि खरेदी विभागातल्या माणसालाही विषय कळतो. फोटोलाच लिंक असेल, तर फोटोचा पर्यायी मजकूर हे काम करतो. तो रिकामा ठेवणे म्हणजे संधी वाया घालवणे. याचा अर्थ ओळीओळीत तोच शब्द कोंबावा असा नाही. अशी भरताड गूगलच्या स्पॅमविरोधी नियमांत बसत नाही.

साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी, दिला की दुव्यांची गरज उरत नाही, हेही खरे नाही. साइटमॅप पत्ता कळवतो. पान नोंदले जाईल याची हमी देत नाही आणि त्याचे इतर पानांशी नाते सांगत नाही. ज्या पानाकडे एकही अंतर्गत दुवा येत नाही, ते पोरके राहते. मराठी विकिपीडियावर अशा लेखांची ‘पोरके लेख’ नावाची यादीच असते, आणि कोणत्याही लेखाकडे कुठून दुवे येतात ते ‘येथे काय जोडले आहे’ या सोयीने पाहता येते. तळेगावच्या इतिहासावरील लेखात पैसा फंडाच्या काच कारखान्याचे नाव आले, तर तिथेच त्या कारखान्याच्या लेखाचा दुवा असणे वाचकाच्या सोयीचे असते. व्यावसायिक संकेतस्थळांनी ही शिस्त जरूर उचलावी.

एका पानावर जास्तीत जास्त शंभर लिंक असाव्यात, ही सूचना गूगलने कधीच मागे घेतली आहे; ठरावीक आदर्श आकडा नाही. आपल्याच काही पानांकडे जाणाऱ्या लिंकना ‘नोफॉलो’ (माग काढू नये अशी खूण) लावून उरलेले वजन महत्त्वाच्या पानाकडे वळवता येत नाही, हेही गूगलने २००९ मध्ये स्पष्ट केले. पत्त्यात तिरक्या रेघा किती, यापेक्षा मुखपृष्ठापासून पान किती क्लिक दूर आहे, हे अधिक मोलाचे.

दिसते ती प्रत्येक लिंक गूगलला दिसते, हा तांत्रिक गैरसमज सर्वांत महागात पडतो. गूगल ‘ए’ टॅगमध्ये ‘एचआरईएफ’ने दिलेल्या पत्त्याचाच खात्रीने माग काढतो; केवळ जावास्क्रिप्टने चालणारे बटण माणसासाठी उघडते, गूगलसाठी मात्र बहुधा बंदच राहते.

नवे पान टाकल्यावर जुन्या संबंधित पानांत जाऊन त्याचा दुवा देणे हा कामाचाच भाग आहे. हटवलेल्या पानांकडे जाणाऱ्या लिंक दुरुस्त करणेही त्यातच आले. कोणत्या पानाकडे किती अंतर्गत दुवे येतात, हे गूगलच्या सर्च कन्सोलमधील लिंकांच्या अहवालात मोफत पाहता येते. तपासणीला तिथून सुरुवात करावी.