गुंड्याभाऊ गेले, म्हणजे कोण गेलं?

२८ ऑगस्ट २०२५ रोजी ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचं मुंबईत निधन झालं. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी वयाची ९५ वर्षं पूर्ण केली होती. बातमी ज्याने त्याने एकमेकांना सांगितली ती ‘गुंड्याभाऊ गेले’ अशी. दोन महिन्यांच्या आत, २५ ऑक्टोबरला, अभिनेते सतीश शहा गेले आणि तेव्हाही लोक हळहळले ते इंद्रवदन साराभाई गेल्याबद्दल. रंगभूमीवर आणि पडद्यावर पन्नास-पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला एका मालिकेतल्या पात्राच्या नावाने निरोप द्यायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे, असं अशा वेळी हमखास म्हटलं जातं. लोकांना नट आठवत नाही, फक्त सोंग आठवतं, अशी ही तक्रार आहे. मला ती पटत नाही. विनोदी मालिकेतल्या नटाला पात्राच्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याला विसरणं नव्हे. त्याने नेमकं काय घडवलं हे लोकांनी बरोबर ओळखल्याची ती खूण आहे.

हे समजून घ्यायचं तर आधी ज्याला सिटकॉम म्हणतात तो प्रकार काय आहे ते पाहिलं पाहिजे. घर तेच, माणसं तीच आणि दर आठवड्याला नवा घोटाळा. शेवटी घोटाळा निस्तरतो आणि सगळे होते तसेच राहतात. कादंबरीतला किंवा सिनेमातला नायक गोष्टीच्या ओघात बदलतो, शिकतो, कधी मरतो. इथे कोणी काही शिकत नाही. भित्रा भित्राच राहतो, चेंगट चेंगटच राहतो, आणि तो तसाच राहील या खात्रीवर प्रेक्षक पुढच्या आठवड्यात पुन्हा टीव्हीसमोर बसतो. लेखक दर भागाला नवा प्रसंग पुरवतो. पण न बदलणारा माणूस भागामागून भाग तितकाच ताजा ठेवायचा, ही जबाबदारी नटाची. एका सिनेमात दोन तास पात्र पेलणं आणि महिनोन्महिने तेच पात्र शिळं होऊ न देणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. आपल्याकडे पहिल्याचं कौतुक पुष्कळ झालं, दुसऱ्याला अजून नीट शब्दसुद्धा सापडलेले नाहीत.

गुंड्याभाऊचं उदाहरण यासाठी फार मोलाचं आहे, कारण हे पात्र कर्व्यांचं नव्हतंच. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यात पाली भाषा शिकवणारे विद्वान. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी लिहिली आणि १९३०च्या दशकात ती मराठी वाचकांच्या घरची झाली. पुढे मास्टर विनायक यांनी १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’ हे चित्रपट काढले. त्यांत चिमणराव होते दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. म्हणजे विजया धुमाळे यांनी १९७७च्या सुमारास मुंबई दूरदर्शनसाठी मालिका केली, दिलीप प्रभावळकरांना चिमणराव आणि बाळ कर्व्यांना गुंड्याभाऊ केलं, तेव्हा हे पात्र चाळिशी ओलांडलेलं होतं. त्याचा एक लेखक होता आणि आधीचा एक नामवंत नटही होता. तरीही २०२५ साली ‘गुंड्याभाऊ गेले’ म्हटल्यावर कोण, असं कोणाला विचारावं लागलं नाही. मालवणकर आणि जोग यांच्या कामाला यामुळे उणेपणा येत नाही. पण जोगांचा गुंड्याभाऊ चित्रपटगृहात भेटून निघून जाणारा होता. कर्व्यांचा गुंड्याभाऊ घरी येत राहिला. पात्राचं नाव लेखकाकडून निघून एका नटाला चिकटतं ते या येत राहण्याने, आणि ते नुसत्या हजेरीने जमत नाही.

कर्व्यांचं काम अवघड होतं, कारण ते जोडीतलं दुसऱ्याचं काम होतं. चिमणराव गोंधळतो, घाबरतो, शब्दांत अडकतो; हसण्याचा उगम उघडपणे त्याच्यात आहे. गुंड्याभाऊ धिप्पाड, रोखठोक, आधी हात उगारून मग विचार करणारा. अशा नटाला मोह होतो तो आपणही हशा मिळवण्याचा. कर्व्यांनी तो आवरला. गुंड्याभाऊला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसतं. तो जे बोलतो ते त्याच्या मते अगदी व्यवहारी आणि सरळ असतं, आणि कर्वे ते त्याच सरळपणाने बोलत. चिमणरावाची तारांबळ दिसते ती शेजारी असा खांबासारखा माणूस उभा असतो म्हणून. खांब हलायला लागला तर तारांबळ दिसणारच नाही. प्रभावळकरांच्या चिमणरावाचं जे कौतुक झालं, त्यातला मोठा वाटा या स्थिर उभ्या राहण्याचा आहे. मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून दीर्घ नोकरी करत हा माणूस नाटकं करत होता. भार कुठे तोलायचा आणि कुठे नुसता आधार द्यायचा, हे त्याला रंगमंचावरही कळत होतं.

आता एक प्रश्न नागपूरच्या बाजूने विचारायला हवा, कारण त्यातूनच माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा मिळतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मनोऱ्यावरून निघालेलं चित्र शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत नीट दिसायचं. पुढे पुण्याजवळ सिंहगडावरून ते पुन्हा प्रक्षेपित होऊ लागलं आणि पुणं त्या वर्तुळात आलं. मुंबईपासून आठशे किलोमीटरवरचं नागपूर या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर होतं. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ पडद्यावर होते तेव्हा नागपुरात घरी करमणूक करणारा सोबती म्हणजे १९४८पासून चालत आलेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र. त्यामुळे त्या वयाच्या नागपूरकराला गुंड्याभाऊ माहीत होता तो पुस्तकातला, आणि त्याचा चेहरा ज्याने त्याने आपापल्या मनाने काढलेला. मालिका मराठी, पात्रं मराठी, नटही मराठी. तरीही गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे हे समीकरण सगळ्या महाराष्ट्रात सारखं रुजलं नाही. ते मनोऱ्याच्या आवाक्यात पक्कं झालं आणि आवाक्याबाहेर ऐकीव राहिलं. आवाक्याबाहेरही पुस्तक तेच होतं आणि लेखकाची कीर्तीही तीच होती. नव्हतं ते फक्त कर्व्यांचं पुन्हा पुन्हा घरी येणं. पात्राचा मान लेखकाकडे किंवा नावाकडे असता, तर हा फरक पडायलाच नको होता.

कळमन्यासारख्या भागाचा विचार केला की हे आणखी स्पष्ट होतं. नागपूरच्या पूर्वेकडचं हे बाजाराचं ठिकाण. इथल्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात काटोल-नरखेडकडचा संत्रा, धान्य, मिरची, भाजीपाला येतो आणि त्याबरोबर वऱ्हाडी, झाडी, हिंदी, छत्तीसगढी अशा किती तरी बोली येतात. अडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या घरांत सारखा शिरेल असा पहिला हसवणारा चेहरा मुंबई केंद्राच्या मराठी मालिकेतून येणं शक्यच नव्हतं. तो आला १९८४ साली. त्या वर्षी देशभर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमात ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. लेखक उज्जैनचे शरद जोशी, नायक दापोलीकडचे शफी इनामदार, सोबत स्वरूप संपत आणि राकेश बेदी. आणि दर भागात वेगळ्याच अवतारात येणारे सतीश शहा.

इथे एक आक्षेप येतो. हे सगळं मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा घरांचं स्मरणरंजन आहे, त्याला अख्ख्या महाराष्ट्राचं दुःख का म्हणायचं? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. चिमणरावाचं घर हे एका विशिष्ट वर्गाचं, विशिष्ट भाषा बोलणारं घर होतं, आणि मालिका पाहायला मिळाली तीही आधी त्याच पट्ट्याला. ‘सगळा महाराष्ट्र हळहळला’ असं लिहिणाऱ्याने नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीचा विचार केलेला नसतो. पण यावरून हे प्रेम खोटं किंवा फक्त वर्गाभिमानाचं ठरत नाही. तसं असतं तर सतीश शहांच्या बाबतीत उलटा अनुभव यायला हवा होता. ते कच्छी गुजराती घरातले, मालिका हिंदी, घर महानगरातलं. कळमन्यातल्या कोणाचंही जगणं त्या दिवाणखान्यासारखं नव्हतं. तरीही ज्या घरात तो चेहरा पोचला तिथे तो आपला झाला. पोचणं आणि पुन्हा पुन्हा पोचणं या दोन गोष्टी जात, वर्ग, भाषा यांच्यापेक्षा भारी पडतात, हे यातून दिसतं. पुढे खाजगी वाहिन्यांवरच्या मराठी विनोदी मालिका नागपूर आणि मुंबईत एकाच वेळी दिसू लागल्या, तेव्हा २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले प्रभावळकरांचे आबा दोन्हीकडे सारखेच लाडके झाले.

सतीश शहा माझ्या युक्तिवादाला दुसऱ्या बाजूनेही अडचणीत आणतात. पात्र न बदलणं हा या प्रकाराचा कणा असेल, तर दर आठवड्याला वेगळं पात्र करणारा नट लाडका कसा झाला? मला वाटतं, तिथे स्थिर होतं ते वेगळ्या पातळीवर. या वेळी हा कोण होऊन येणार, ही उत्सुकता दर आठवड्याला तीच होती. कपडे, बोली, धंदा बदलायचा. गोल चेहरा, डोळ्यांतला खट्याळपणा आणि वाक्य अर्ध्यावर सोडून वाट पाहण्याची सवय बदलत नसे. त्याआधी, १९८३च्या ‘जाने भी दो यारो’मध्ये, त्यांनी बराच काळ प्रेताची भूमिका केली आणि तरी लोकांना हसवलं. ज्याला हालचाल आणि संवाद यांशिवाय पडदा धरता येतो, त्याला प्रत्येक भागात नव्याने ओळख करून घ्यायची गरज उरत नाही. म्हणजे इथेही लोक परत येत होते ते एका न बदलणाऱ्या माणसाकडेच. फक्त तो माणूस पात्र नव्हता, नट होता. आणि म्हणूनच ‘ये जो है जिंदगी’तल्या त्यांच्या एखाद्या पात्राचं नाव त्यांना चिकटलं नाही. नाव चिकटलं ते वीस वर्षांनी, जेव्हा इंद्रवदन हे एकच पात्र त्यांनी भागामागून भाग केलं.

इंद्रवदनची ही मालिका, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’, २००४ साली आली तेव्हा फारशी चालली नव्हती. तिच्यावर लोकांचा जीव जडला तो नंतर, पुनःप्रक्षेपणांतून आणि मोबाइलवर पाहून पाहून. सगळ्या गावाने एकाच रात्री एकत्र पाहिल्याशिवाय असं प्रेम जडत नाही, असं जे मानलं जातं ते यामुळे टिकत नाही. एकाच वेळी पाहणं गरजेचं नाही, वारंवार पाहणं गरजेचं आहे. सतीश शहांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांच्या सहकलाकारांनी त्या मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. काहींना ते विचित्र वाटलं. पण वर्षानुवर्षं एकत्र जमल्यावर हे लोक तेच गाणं म्हणत आले होते; त्या दिवशी न म्हणणं हेच विचित्र झालं असतं.

राहिला अन्यायाचा मुद्दा. ‘रथचक्र’, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’, ‘सूर्याची पिल्ले’ अशी कर्व्यांची रंगभूमीवरची कामं एका गुंड्याभाऊखाली झाकली गेली, हे खरंच आहे. त्याचं वाईटही वाटतं. पण दोष लोकांच्या आठवणीचा नाही. नाटक ज्यांनी पाहिलं त्यांच्याबरोबरच ते जातं. परीक्षणं आणि छायाचित्रं उरतात. त्याची नीट नोंद ठेवणं हे समीक्षकांचं आणि संस्थांचं काम होतं, घरी बसून पाहणाऱ्यांचं नव्हे. प्रेक्षकाने त्याच्या वाट्याला जे आलं ते मनापासून जपलं. रेडिओच्या काळातही हेच झालं होतं. मुंबई आकाशवाणीच्या ‘प्रपंच’मधले बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू यांचे चेहरे न पाहिलेल्या हजारो घरांत ते टेकाडे भावजी आणि मीनावहिनी म्हणूनच राहिले. २०२० साली कुडतरकर गेले तेव्हा टेकाडे भावजी आठवले. चेहराच दिसत नव्हता, तिथे लोकांच्या हाती आवाज आणि एक नाव याशिवाय काय होतं? तेवढ्यावर त्यांनी साठ वर्षं माणूस लक्षात ठेवला.

काळजी वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग होत्या, आणि दूरदर्शनवरच्या अनेक कार्यक्रमांच्या टेप पुसून त्यांवर पुढचे कार्यक्रम घेतले गेले. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’चेही मोजकेच भाग आज पाहायला मिळतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये बातमी वाचून ज्यांनी ते शोधले, त्यांत मनोऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या गावांतले प्रेक्षकही असणार. आता मनोरा आडवा येत नाही. कळमन्यात दुपारच्या लिलावानंतर कोणालाही मोबाइलवर बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ भेटू शकतो, फक्त उरलेल्या त्या थोड्याशा भागांत.