युद्धकालीन कृत्यांचे निःपक्ष मूल्यमापन : हैदराबाद पोलीस कारवाईच्या संदर्भात

प्रस्तावना :
युद्धनीतिशास्त्रात दोन प्रश्न वेगळे मानले जातात. युद्धाचे कारण न्याय्य होते काय, हा पहिला. युद्धकाळातील वर्तन न्याय्य होते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असले तरी दुसऱ्याचे उत्तर स्वतंत्रपणेच शोधावे लागते. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगत १९४८ साली घडलेल्या घटना हा भेद स्पष्ट करतात.

घटनाक्रम :
कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी संस्थानातील जनतेवर अत्याचार केले. अनेक कुटुंबांनी सोलापूर, बार्शीकडे आश्रय घेतला. रझाकारांना विरोध करणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाली व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली.

कारवाईनंतर मुस्लिम नागरिकांविरुद्ध मोठा हिंसाचार झाला. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या किमान २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज मांडला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीत सहभागी झाल्याची, तसेच काही हिंदूंनी प्राण पणाला लावून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविल्याची नोंदही समितीने केली. शासनाने हा अहवाल स्वीकारला नाही. तो अनेक दशके अप्रकाशित राहिला.

विवेचन :
हैदराबादची मुक्ती न्याय्य होती, हे मान्य करूनही निःशस्त्रांच्या हत्येचे समर्थन होत नाही. तसेच नंतरच्या हिंसाचाराचा दाखला देऊन रझाकारांचे गुन्हे सौम्य ठरत नाहीत. १९४९ च्या जिनिव्हा करारांतील सामाईक कलम ३ लढ्यात सहभागी नसलेल्यांना धर्म वा वंशाचा भेद न करता संरक्षण देते. शोएबुल्ला खान यांचे उदाहरण पाहता, अत्याचारी व पीडित यांची विभागणी धर्मावरून करणेही चुकीचे ठरते.

समारोप :
मोडनिंबसारख्या गावांतील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा इतिहास दूरचा नाही. तो शिकविताना एकच कसोटी पुरेशी आहे : कर्ता व पीडित यांची अदलाबदल केली असता आपला निर्णय बदलतो काय? बदलत असेल, तर तो न्याय नसून पक्षपात होय.