चंद्रपूरची हवा आणि ऋतुमान

वर्धा नदीच्या खोऱ्यात, इरई आणि झरपट यांच्या काठी, गोंड राजांनी वसविलेले आणि भक्कम परकोटाने वेढलेले चंद्रपूर आज ओळखले जाते ते त्याच्या भूगर्भातील दगडी कोळशामुळे. कोळशाच्या खाणी, त्या कोळशावर चालणारे महाऔष्णिक विद्युत केंद्र, घुग्गुस-गडचांदूरकडील सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची पेपर मिल यांनी या जिल्ह्याला रोजगार दिला, राज्याला वीज दिली. आणि 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणाच्या निर्देशांकानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. या शहराची हवा वाईट आहे हे सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र ती बारा महिने सारख्याच प्रकारे वाईट नसते, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही.

कारखाने वर्षभर चालतात, कोळसाही वर्षभर जळतो. बदलते ते धुराला सामावून घेणाऱ्या आकाशाचे आकारमान. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळून निघते. हिवाळ्यात, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असताना, सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन नदीकाठच्या सखल भागात साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. हीच तापमानाची विपरीतता. त्या रात्री धुराच्या वाट्याला शे-दोनशे मीटरच आकाश उरते.

येथे एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. विद्युत केंद्राच्या मोठ्या संचांची धुराडी पावणेतीनशे मीटर उंच असतात, त्यामुळे त्यांचा धूर पुष्कळदा या थराच्या वरच तरंगत राहतो, आणि रात्रभर खाली कोंडतो तो वस्तीतलाच धूर: कोळशाच्या शेगड्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, मालमोटारींचा. सकाळी ऊन चढू लागले, म्हणजे थर विरतो, हवा ढवळली जाते, आणि वर तरंगणारा तो धूर काही काळ थेट वस्तीवर उतरतो. ज्या घटकेला मुले शाळेला आणि कामगार पाळीला निघालेले असतात, नेमकी तीच ही घटका. तेव्हा केवळ धुराड्यांना किंवा केवळ शेगड्यांना दोष देणारे दोन्ही पक्ष अर्धेच सत्य सांगत असतात.

अशा कोंडीचा परिणाम किती भीषण होऊ शकतो, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोनोरा गावाने ऑक्टोबर 1948 मध्ये अनुभवले. मोनोंगहेला नदीच्या खोल वळणावरील त्या गावात जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर कित्येक दिवस दरीतच अडकून राहिला. 20 माणसे दगावली, हजारो आजारी पडली, आणि महिनाअखेरीस पाऊस आला तेव्हा कोठे हवा मोकळी झाली.

उन्हाळ्यात पारा 46-47 अंशांवर जातो, कोंडी फुटते, पण धूळ उठते. कोरड्या पडलेल्या राखेच्या बंधाऱ्यांवरून, खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून आणि कोळसा वाहणाऱ्या रस्त्यांवरून ती वाऱ्यासरशी गावात शिरते. उघड्यावर साठविलेला कोळसा उष्णतेने आपोआप धुमसू लागतो. या धुळीचे कण जाड, डोळ्यांना व घशाला जाणवणारे. हिवाळ्यातील धुराचे कण मात्र इतके सूक्ष्म, की ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. पावसाळ्यात हवा धुऊन निघते खरी, पण धुतलेली राख आणि कोळशाची भुकटी शेवटी नाल्यांवाटे इरईतच जाते.

आपल्या कायद्याने अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा ठरविली आहे: घनमीटरमागे वार्षिक सरासरी 40 मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची 60. सरकारी दफ्तरात वार्षिक आकड्याला फार मान. परंतु जुलैतील स्वच्छ हवा जानेवारीतील विषारी हवेशी मिळवून काढलेली सरासरी कोणाही माणसाच्या श्वासात येत नाही. म्हणून हिवाळ्याच्या चार महिन्यांचा बंदोबस्त स्वतंत्रच हवा. उघड्यावर कचरा जाळण्याच्या मनाईची अंमलबजावणी रात्रीही झाली पाहिजे, कोळशाची शेगडी पेटविणाऱ्या कुटुंबांना परवडेल असा गॅस मिळाला पाहिजे, आणि ताडपत्रीवाचून एकही मालमोटार खाणीच्या हद्दीबाहेर पडता कामा नये. शांत, निरभ्र रात्रीची चाहूल हवामानखात्याला आदल्या दिवशी लागू शकते. ती सूचना दवाखान्यांपर्यंत आणि शाळांपर्यंत वेळेवर पोचली, तर दमेकऱ्याला पहाटेचे फिरणे दुपारवर नेता येईल आणि शाळांना मैदानावरची कवायत दोन तास उशिरा घेता येईल.