आकृतिबंधावर संशोधन करायचंय? मग आधी ठरवा, नक्की काय मोजायचं

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की शिक्षणशास्त्रातले बरेच जण असं शीर्षक काढतात: ‘इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांना संख्या व आकृत्यांचे आकृतिबंध शिकवण्यासाठीच्या कार्यक्रमाची परिणामकारकता’. शीर्षक चुकीचं नाही. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य, सगळं व्यवस्थित बसतं. पण गाईडनं एकच प्रश्न विचारला तर आपण अडकतो: परिणाम नक्की कशावर? मुलाला आकृतिबंध ‘येतो’ म्हणजे त्याला काय येतं?

या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. एकच बरोबर उत्तर तीन वेगवेगळ्या विचारांतून येऊ शकतं. त्यातला एकच विचार बीजगणिताकडे नेतो. आपल्या चाचणीला हे तीन वेगळे ओळखता आले नाहीत, तर गुण वाढलेले दिसतील, पण काय शिकवलं गेलं ते कळणार नाही.

उदाहरण आपल्या अंगणातलं

ठिपक्यांची रांगोळी घेऊ. ‘पंधरा ते आठ’ म्हटलं की रांगोळी काढणाऱ्या कुणालाही कळतं: मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करत शेवटच्या ओळीत ८, आणि ठिपके मध्ये-मध्ये द्यायचे. तयार होतो तो सहा बाजूंचा आकार. लहान रांगोळी ‘सात ते चार’ची, त्याहून लहान ‘पाच ते तीन’ची, आणि सगळ्यात लहान ‘तीन ते दोन’ची.

शेवटची ओळ २, ३, ४, ५ अशी वाढली की मधली ओळ ३, ५, ७, ९ अशी वाढते. सातवीच्या वर्गाला हे दाखवा आणि विचारा, शेवटच्या ओळीत ८ ठिपके असतील तर मधल्या ओळीत किती?

पहिला विचार: ‘चारला सात, मग आठला चौदा.’ हे उत्तर चुकीचं आहे, पण ते आळसातून आलेलं नाही. मुलानं दुप्पटीचा नियम लावला. प्रमाण नुकतंच शिकलेलं असतं, ते इथेही चालेल असं त्याला वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या के स्टेसी यांनी १९८९ साली ९ ते १३ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काड्यांच्या शिडीसारखे प्रश्न होते. सरळ प्रमाण नसलेल्या ठिकाणी प्रमाण लावणं ही त्यांना ठळकपणे आढळलेली चूक. त्यांनी केलेला एक भेद आजही उपयोगी आहे: ‘जवळचं’ सामान्यीकरण म्हणजे काढून किंवा मोजून मिळणारं उत्तर, आणि ‘दूरचं’ म्हणजे मोजत बसणं परवडत नाही असं.

दुसरा विचार: ‘दोन-दोननं वाढतंय.’ मग ९, ११, १३, १५. उत्तर बरोबर! पण शेवटच्या ओळीत ५० ठिपके दिले तर हे मूल वहीचं पान भरवत बसेल. त्याला सूत्र लिहायला सांगितलं तर ‘न + २’ लिहिण्याची शक्यता बरीच. कारण त्याचं लक्ष एका मधल्या ओळीवरून पुढच्या मधल्या ओळीवर आहे. शेवटची ओळ आणि मधली ओळ यांचं नातं त्यानं पाहिलेलंच नाही.

तिसरा विचार: ‘शेवटच्या ओळीपासून मधल्या ओळीपर्यंत यायला एक कमी आठ, म्हणजे सात ओळी चढायच्या. प्रत्येक ओळीला एक ठिपका वाढतो. म्हणून आठ अधिक सात.’ या मुलाला ५० सांगा, ५००० सांगा, फरक पडत नाही. त्यानं अजून अक्षर वापरलेलं नाही, तरी ‘न + (न − १)’ हा विचार झालेला आहे.

अंदाज की सामान्यीकरण?

इथे एक चोरवाट आहे. मूल तक्ता करतं, ‘दुप्पट करून एक वजा’ असं करून बघतं, तीन ओळींना जुळतं, आणि २न − १ लिहून मोकळं होतं. उत्तरपत्रिकेत हे तिसऱ्या विचारासारखंच दिसतं. कॅनडातले लुई रॅडफर्ड मात्र दोन्हीत स्पष्ट फरक करतात. करून-बघून नियम जुळवणं हे त्यांच्या मते खरं बैजिक सामान्यीकरण नाही. काही आकृत्यांत समान काय आहे ते ओळखायचं, ते पुढच्या सगळ्या आकृत्यांना लागू होतं हे धरायचं आणि त्यावरून कोणत्याही पदाचं सूत्र मिळवायचं, हे झालं तर ते बैजिक.

‘उत्तर आलं ना, मग झालं’ असं का म्हणू नये? वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना सरळ रेषेनं जोडा. वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग होतात? १ बिंदूला १, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना? सगळे ३२ म्हणतात. मोजून बघा, ३१ होतात. तक्त्यात पाच ओळी जुळल्या तरी सहावी जुळेलच असं नाही. नियम आकृतीतून का निघतो हे सांगता आलं तरच तो भरवशाचा.

एकाच आकृतीची दोन सूत्रं

आकृतीकडे दुसऱ्या नजरेनं बघा. मधोमध एक ठिपका, त्याच्या डावीकडे न − १ आणि उजवीकडे न − १. म्हणजे २(न − १) + १. आधीचं सूत्र न + (न − १). दोन्ही एकच मधली ओळ मोजतात, म्हणजे दोन्ही सारखीच असली पाहिजेत. कंस सोडवायचा कशासाठी, याचं कारण इथे मुलांच्या हातात येतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर बीजगणिताच्या सुरुवातीवर काम केलं. त्यांचा भर अंकगणिती राशींची रचना आणि त्यातली पदं ओळखण्यावर होता. संदर्भ साहित्याचा आढावा घेताना हे काम वाचाच.

हुशार मुलांसाठी पुढची पायरी: एकूण ठिपके किती? मधल्या ठिपक्याभोवती ६ ठिपक्यांचं कडं, मग १२चं, मग १८चं. म्हणजे सात ते चारमध्ये १ + ६ + १२ + १८ = ३७. पंधरा ते आठमध्ये दुप्पट, म्हणजे ७४? छे, १६९! आणि १, ७, १९, ३७ यांची बेरीज करत गेलं की १, ८, २७, ६४ हे घन मिळतात. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये पहिलंच प्रकरण आकृतिबंधांचं आहे, त्यातही या षट्कोनी संख्या भेटतात.

मग चाचणी कशी करायची?

एकाच आकृतिबंधावर पाच प्रकारचे प्रश्न ठेवा.

१. लगेच पुढची आकृती: शेवटची ओळ ६, तर मधली किती?
२. जवळचं पद: शेवटची ओळ १०.
३. दूरचं पद: शेवटची ओळ १००.
४. उलटा प्रश्न: मधली ओळ २१ तर शेवटची किती? सहाही बाजू सारख्या असलेल्या रांगोळीत मधली ओळ २० असू शकेल का? का नाही?
५. स्पष्टीकरण: ‘तुझ्या मैत्रिणीला कोणत्याही रांगोळीसाठी मधली ओळ कशी काढायची ते सांग.’

उत्तराचे गुण आणि विचारपद्धतीचा संकेतांक वेगवेगळे नोंदवा. प्रमाण, टप्प्याटप्प्यानं वाढ, तक्त्यावरून अंदाज आणि आकृतीवरून नातं, असे चार गट पुरेत. तक्ता आणि आकृती यांतला फरक कागदावर नेहमी दिसत नाही, म्हणून काही मुलांच्या मुलाखती लागतातच. ‘हे तुला कुठे दिसलं? बोट ठेवून दाखव’ एवढा एक प्रश्न खूप काही सांगतो. मुलं ‘एकेक चढत जातंय’ असं आपल्या बोलीत सांगतील. ते तसंच लिहून घ्या, पुस्तकी भाषेत फिरवू नका.

एक सावधगिरी. रांगोळी आपल्या ओळखीची म्हणून सगळ्यांच्या ओळखीची असं नाही. कोल्हापुरातल्या एकाच वर्गात दिवाळीत रोज ठिपके मांडणारी मुलगी असते आणि कधीच रांगोळी हातात न घेतलेला मुलगाही असतो. काही घरांत ही पद्धतच नसते. मग चाचणी सामान्यीकरण मोजते की रांगोळीचा सराव? यासाठी त्याच रचनेचा दुसरा प्रश्न काड्यांच्या शिडीवर ठेवा आणि दोन्हीतली कामगिरी ताडून बघा. त्यात फरक दिसला तर तोच तुमचा महत्त्वाचा निष्कर्ष ठरू शकतो.

आता सुरुवातीचं शीर्षक पुन्हा वाचा. ‘परिणामकारकता’ खोडून असं लिहून बघा: ‘आकृतीकडे बघून नियम शोधायला शिकवल्यावर सातवीचे विद्यार्थी तक्त्यावरून अंदाज करणं सोडून आकृतीतलं नातं सांगू लागतात का?’ शीर्षक लांबतं खरं, गाईड ते छोटं करायला लावतीलच. पण कोणता डेटा गोळा करायचा आणि तो कसा वाचायचा, हे या एका वाक्यात ठरलेलं असेल.