पोथी आहे, पण गुरू कोठे?

विद्या पोथीत टिकते की गुरुमुखात, हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. इंग्लंडच्या पश्चिमेस असलेल्या चिमुकल्या वेल्स देशाच्या हार्प या तंतुवाद्याचा इतिहास त्यावर मोठा प्रकाश टाकतो.

एके काळी वेल्समधील सरदारांच्या वाड्यांत हार्पवादकास मानाचे स्थान होते. १५६७ साली राणी एलिझाबेथच्या आज्ञेवरून केर्विस गावी कवी व वादकांची परीक्षा घेऊन पात्र ठरलेल्यांस परवाने देण्यात आले. पुढे उमरावांस इंग्रजी राहणीची ओढ लागली, आश्रय आटला आणि ती विद्या लोपू लागली. १६१३ च्या सुमारास रॉबर्ट अप ह्यू या वादकाने ते संगीत अक्षरचिन्हांत लिहून ठेवले. काही भाग त्याने विल्यम पेन्लिन या पूर्वसूरीच्या वहीवरून उतरविला. ती पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहे. चोवीस मात्राबंधांची नावे आणि एक व शून्य यांच्या चिन्हांनी मांडलेले त्यांचे आराखडे वाचता येतात. परंतु तारा कशा जुळवाव्यात, लय कोणती धरावी, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. अक्षर उरले, सांगणारा उरला नाही.

याउलट तिपेडी तारांच्या हार्पची गोष्ट पाहा. ज्यांचे मूळ भारतात असल्याचे भाषाशास्त्र सांगते, त्या रोमानी लोकांतील वादकांनी ते वाद्य जिवंत ठेवले. त्यांच्या सहवासात शिकलेल्या नॅन्सी रिचर्ड्स या विदुषीने १९७९ साली देह ठेवण्यापूर्वी ते पुढील पिढीच्या हाती सोपविले.

म्हणूनच हार्पसाठी झटणाऱ्या प्रादेशिक मंडळांचे कार्य आम्हांस मोलाचे वाटते. स्कॉटलंडमध्ये १९३१ साली स्थापन झालेली क्लार्सख सोसायटी आपल्या शाखांमार्फत नवशिक्यांस वाद्ये भाड्याने देते, वर्ग चालविते. सभासदांची वर्गणी गोळा करणे, तुटलेली तार बदलणे, दूरच्या गावी शिक्षक धाडणे ही कामे डोळ्यांत भरणारी नव्हेत. परंतु पोथीला वाचा फुटते ती अशाच कामांतून. सत्कार आणि स्मरणिका यांवरच ज्यांचा निधी सरतो, अशा आपल्या संगीतसंस्थांच्या चालकांनी यातून एवढे तरी घ्यावे, की पहिला रुपया शिकणाऱ्याच्या हाती वाद्य देण्यासाठी खर्च व्हावा.