बसण्याचे तास आणि कळण्याचे तास

हिंगोलीत पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला घरचे आधी विचारतात, ‘किती तास बसतोस?’ ‘काय कळलं?’ हे विचारायचं राहूनच जातं. त्यातून काही गैरसमज पक्के झाले आहेत.

गैरसमज : जितके तास जास्त, तितकं काम जास्त.
वस्तुस्थिती : पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी 2014 मध्ये तपासल्या. आठवड्याला साधारण 50 तासांच्या पुढे कामगारांचा तासाचा उरक घटत गेला. 70 तास राबणाऱ्यांचं एकूण काम 56 तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त भरलं नाही.

गैरसमज : पुन्हा पुन्हा वाचलं की समजतं.
वस्तुस्थिती : वाचून ओळखीचं वाटतं, पण ओळख म्हणजे समज नव्हे. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्याने मात्र लिहिलेल्यातलं सुमारे 56 टक्के आठवलं, वाचलेल्यातलं 42. पुस्तक मिटून मित्राला समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथेच अभ्यास बाकी आहे.

गैरसमज : कामात गाणं म्हणजे वेळेची नासाडी.
वस्तुस्थिती : काम कोणतं, यावर ते ठरतं. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर ओव्या गाइल्या, त्या दळण टाकून नव्हे. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली आणि त्याच घरात तिने अभंग रचले. नामदेवांचं नरसी तर आपल्याच जिल्ह्यातलं. हात गुंतलेले असतात तेव्हा गाणं साथ देतं. पण वाचताना कानात बोल असलेलं गाणं लावलं, तर त्याचे शब्द पुस्तकातल्या शब्दांच्या आड येतात.

गैरसमज : झोपेत अभ्यास थांबतो.
वस्तुस्थिती : जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांच्या 1924 च्या प्रयोगात, पाठ केल्यावर जागं राहण्यापेक्षा झोपल्याने विसरणं कमी झालं. वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा वाटा असतो, हे पुढच्या संशोधनातूनही दिसून आलं आहे.

गैरसमज : समतोल म्हणजे रोज काम आणि मजा निम्मी-निम्मी.
वस्तुस्थिती : हा हिशेब वसमतच्या हळदवाल्याला विचारा. 2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे त्याचीच मेहनत आहे. पावसाच्या तोंडावर लावण, जानेवारीपासून काढणी, मग शिजवणी, वाळवण, पॉलिश. त्या दिवसांत त्याला पाठ टेकायला फुरसत नसते. माल बाजारात गेला की लग्नसराई आणि जत्रा त्याच्याच. परीक्षेचा महिना असाच शिजवणीचा असतो. मुलांनी तेव्हा खुशाल राबावं, पण घरच्यांनी बाराही महिने तसं राबायला लावू नये.