दिवाळीत मुक्या जीवांना अभयदान

आश्विन अमावास्या हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन. त्याच संध्याकाळी पेढीवर वहीपूजन होते आणि दाराबाहेर फटाक्यांची माळ लागते. मनुष्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर श्वानाला सुमारे ४५,००० पर्यंत. त्यामुळे आपल्याला क्षणिक वाटणारा आवाज त्याला भयभीत करतो. बिथरलेला श्वान दोरी तोडून पळतो, वाट चुकतो, वाहनाखाली सापडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीतील फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. त्यापूर्वीच पाळीव श्वानाला फिरवून आणावे, खाऊ घालावे. आतल्या खोलीत खिडक्या, पडदे बंद करून पंखा किंवा संथ भजन चालू ठेवावे. तो पलंगाखाली लपल्यास ओढून काढू नये, रागावू नये. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक असावा. औषध केवळ पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

रस्त्यावरील श्वानांना मात्र आतली खोली नसते. त्या रात्री जिन्याखालची जागा त्यांना मोकळी ठेवावी, पाण्याचे भांडे भरावे, गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानणाऱ्या आपल्या घरांतून फटाक्यांची माळच आली नाही, तर निर्वाणदिनाला ते अधिक शोभेल.